ताईच्या खुर्चीएवढी गाडी

२८ जुलै, रविवार

संध्याकाळच्या एसटीने अकोल्याहून अमरावतीला परत. खिडकी मिळाली, पण काच बंद होत नव्हती. बडनेऱ्यापर्यंत अर्धी भिजले.

दोन दिवस ताईकडे. ती आता उठायच्या आधी खुर्चीशी बोलते. "चाल बाई, उठव मले." खुर्चीच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे. वंदनाने कुठूनसे आणले. (वंदना मदतनीस, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. त्यानंतर ताई एकटी.) ठोकळ्यांवरच्या खुर्चीतून ताई आपली आपण उठते. दुसऱ्या कुठल्याही खुर्चीत बसली की तिला दोघींनी ओढावं लागतं. त्यामुळे ती दुसरीकडे बसतच नाही.

निघताना परत म्हटलं, चल ना माझ्याकडे, दोघी राहू. तेच उत्तर. "कशात येऊ? एसटीची पायरी चढता येत नाही. गाडी असती तं आले असते गं चिमे."

अ. गेले (नवऱ्याचं नाव वहीतही पूर्ण लिहवत नाही), आई-बाबा कधीच गेले. मला चिमी म्हणणारं जगात हे एकच माणूस आहे.

३० जुलै, मंगळवार

गाडी घ्यायची.

लिहिलं आणि त्या दोन शब्दांकडे बघत बसले.

परवाना आहे. अ. दर वेळी स्वतःच्या परवान्याबरोबर माझाही नवा करून आणत. म्हणत, "असू दे." तो नुसता असाच राहिला. शेवटची गाडी चालवली तेव्हा लेक मु. चौथीत होती. अ. शेजारी बसून सगळा रस्ताभर हँडब्रेकवर हात ठेवून होते. मी म्हटलं, मग तुम्हीच चालवा. त्यांनी चालवली, पंचवीस वर्षं.

मु.चा फोन बंगळुरूहून. "आई, त्यापेक्षा टॅक्सी करून आण ना मावशीला."

तिला माहीत नाही. गेल्या वर्षी केली होती टॅक्सी. गाडी बुटकी. ताई बसली म्हणजे आत पडलीच. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि म्हणाली, थांबव, मला कसंतरी होतंय. मग उतरता येईना. ड्रायव्हरने काखेत हात घालून उचललं. रस्त्यावर लोक थांबले. ताई घरी येऊन आंघोळ करून बसली.

मु.ला एवढंच सांगितलं, "टॅक्सी तिला चालत नाही."

२ ऑगस्ट, शुक्रवार

फोनवरून वंदनाकडून खुर्ची मोजून घेतली. शेजारच्या शिंपीणबाईंचा टेप आणला तिने. ठोकळ्यांसकट चोवीस इंच.

माझा टेप पर्समध्ये टाकून बडनेरा रोडच्या शोरूममध्ये. टाय लावलेला मुलगा. "मॅडम, मायलेज सांगू का?"

"सीटची उंची सांगा. जमिनीपासून."

त्याने माहितीपत्रक उघडलं. गाडीच्या पोटाखाली किती जागा ते होतं, डिकी किती लिटरची ते होतं. सीट कुठेच नाही. मी टेप काढला. तो जरा मागे सरकला. मग स्वतःच खाली बसून टेपचं टोक फरशीला धरलं. चांगला मुलगा.

पहिली वीस. दुसरी मोठी, पायदानाची. सत्तावीस! ताईला शिडी लागेल.

संध्याकाळी मुगाची खिचडी. ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. हल्ली ताट घेत नाही. ही सवय मोडली पाहिजे.

८ ऑगस्ट, गुरुवार

मिळाली. चौथ्या शोरूममध्ये. ना लहान ना मोठी, "कॉम्पॅक्ट एसयूव्ही" म्हणतात. साडेचोवीस इंच. मी स्वतः ताईसारखी बसून बघितलं, आधी पाठ टेकायची, मग हातावर जोर. उठून बघितलं. पाच-सहा वेळा. शोरूममधल्या एका कुटुंबाने आपला मुलगा माझ्यापासून लांब ओढून घेतला.

निळी घेतली. विक्रेता म्हणत होता, आपल्याकडे ऊन फार, पांढरी घ्या. पण पांढऱ्या तर सगळ्यांच्याच असतात.

क्लच नसलेली. तिला प्रतीक्षा आहे. "दिवाळीपर्यंत तर नक्की, मॅडम."

ताईला सांगितलं. पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज. मग, "कोण चालवणार?"

"मी."

"तू?" आणि हसत सुटली. खोकला येईपर्यंत हसली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं तिचं असं हसणं. रागवायला हवं होतं मी.

१२ ऑगस्ट, सोमवार

शोभा. फक्त बायकांना गाडी शिकवते. चाळिशीची असेल. गाडीत तिच्याही पायाखाली ब्रेक आहे. सकाळी सहाला दारात हॉर्न.

"काकू, ब्रेक असा काहून मारून राहिल्या? झुरळ मारून राहिल्या काय?"

विद्यापीठाच्या रस्त्याला दोन फेऱ्या. एका गाईने मला रस्ता दिला नाही. मी थांबून राहिले.

शोभा म्हणाली, "तिले माहीत आहे तुमी नव्या आहात. हॉर्न वाजवा, तवा इज्जत करते."

१५ ऑगस्ट, गुरुवार

शाळेकडून बँडचा आवाज. आमच्या वेळी झेंड्यानंतर सिस्टर क्लेअर जीप काढायच्या, मेळघाटातल्या दवाखान्याची औषधं पोचवायला. पांढरा झगा, हात स्टिअरिंगवर, उंच बसलेल्या. आम्ही मुली फाटकाशी उभ्या राहून बघत असू. घरी येऊन आईला सांगितलं होतं, मी मोठी झाले की जीप चालवणार. ताई तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, देवापुढे वाती वळत होती. म्हणाली, "आधी न पाडता दूध आण."

बाबांनी मला कॉन्व्हेंटला घातलं, ताईला नगरपालिकेच्या शाळेत. वकील माणूस, म्हणाले असतील, एक इकडे, एक तिकडे. कारण कोणी कधी सांगितलं नाही आणि ताईने कधी विचारलं नाही. तिने विचारलं नाही हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. आज शिकवणी नाही. शोभाच्या माहेरी अंजनगावकडे बैल आहेत, ती गेली.

दुपारी अ.चं कपाट आवरलं. म्हणजे उघडलं आणि बंद केलं.

सात वाजता ताईचा फोन. वंदना गेली की करते. पुरणपोळी खाल्ली का? खाल्ली, म्हणाले. खोटं. एकटीसाठी कोण पुरण वाटतं?

"मीही नाही खाल्ली," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आतच.

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी नऊला वंदनाचा फोन. ताई पहाटे मोरीत घसरली. हाड नाही मोडलं. पण उठता आलं नाही. वंदना येईपर्यंत तिथेच बसून होती. पाच ते आठ. थंड फरशीवर. दार आतून बंद होतं, म्हणून वंदनाने शेजारच्यांना बोलावून कडी काढली.

ताईशी बोलले. "काही नाही गं. स्तोत्रं म्हणत होते. सगळी म्हणून झाली, मग परत पहिल्यापासून सुरू केली."

शोरूमला फोन. दिवाळी, दिवाळी, दिवाळी.

दिवसभर घरात नुसती फिरत होते. डोक्यात एकच, ते तीन तास.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शोरूमचा फोन. तोच टायवाला. जरा चाचरत.

"मॅडम, गाडी आली आहे. तुमच्या आधी चार जण आहेत. पण पितृपक्ष सुरू आहे ना, चौघंही म्हणाले पंधरवडा झाल्यावर घेऊ. तुमची... म्हणजे तुम्हाला चालत असेल तर..."

महिन्याला एकशे वीस गाड्या विकणारं शोरूम आणि पक्षात एकही माणूस गाडी न्यायला येत नाही. चौघांनी सोडलेली गाडी. मी म्हणजे पाचवी.

मोरीतले तीन तास आठवले. म्हणाले, "चालतं."

फोन ठेवला आणि मग ताई आठवली. ताईचं सासर भिक्षुकीचं. भाऊजी असताना पक्षात त्या घरात नवा झाडू येत नसे.

२३ सप्टेंबर, सोमवार

गाडी घरी.

शोरूम रिकामं. पताका, फुगे, केक ठेवायचं टेबल, सगळं कोपऱ्यात लोटून ठेवलेलं. आज एकटी माझीच गाडी जाणार होती. ओवाळायचं ताट घेऊन एक मुलगी आली, माझ्याकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं. हळूच म्हणाली, "सोबत सवाष्ण कोणी आहे का?"

मी काही बोलण्याआधी शोभाने ताट घेतलं. "मी हाव ना. नवरा कुठं आहे ते विचारू नका, कुंकू आहे."

तिने ओवाळलं. चाकांखाली लिंबं ठेवली. मला म्हणाली, "चाला, दाबा." लिंबं फुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन माझा फोटो काढला. मु.ला पाठवला.

नव्या गाडीचा वास. सीटवरचं प्लास्टिक मी काढू दिलं नाही. घरापर्यंत शोभा शेजारी. फाटकातून आणताना आरसे आत घ्यावे लागले, अ.ची जुनी छोटी गाडी जायची त्या फाटकातून. अंगणात लावली आणि कव्हर घातलं. कव्हर कशासाठी? शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. अंगणात निळा डोंगर झाकून काही लपतं का!

सातला ताई. "काय करून राहिली?"

"काही नाही."

"गाडीचं काय झालं?"

"दसऱ्याला येते."

इतकं सहज निघालं तोंडातून.

२५ सप्टेंबर, बुधवार

पहाटे साडेपाचला कव्हर काढायचं, आठच्या आत परत घालायचं. चोरासारखी.

आज शोभाला म्हटलं, तू मागे बस. भाजीबाजारापर्यंत गेले. भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी टुंग टुंग करायला लागली. थांबेचना. मी घाबरले, वाटलं काही मोडलं.

शोभा मागून हसत, "काकू, तिले वाटते कोणी बसलं आहे. बेल्ट लावा पिशवीले."

लावला. दुधी भोपळा आणि मेथी बेल्ट लावून घरी आले.

किती उंच बसतो आपण हिच्यात! रुक्मिणीनगरातल्या सगळ्या कंपाउंडच्या भिंतींच्या आत दिसतं. कोणाचं काय वाळत घातलंय, कोणाची तुळस सुकली आहे. पस्तीस वर्षं राहते या रस्त्यावर, हे कधी दिसलं नव्हतं. गाडीत बसूनच जोश्यांच्या आजोबांना हात केला. त्यांनी ओळखलं नाही. मग ओळखलं.

२९ सप्टेंबर, रविवार

ताईचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, "ते आमच्या मागच्या गल्लीतले नाही का, त्यांच्या नातवानं पक्षात मोटारसायकल आणली. सांग बरं. आजोबाचं पान वाढायचं त्या दिवसात फटफटी! मी तं सांगून दिलं, असल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही."

"तुला कोण मोटारसायकलवर बसवतंय," मी म्हटलं.

"तत्त्व म्हणून सांगून राहिले. तुझ्या सिस्टरांनी पक्ष शिकवला नाही का तुले?"

शिकवला नाही. आमच्याकडे सिस्टर नोव्हेंबरात मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावायच्या, तेवढंच.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. क्षणभर थांबलीही होती ती. मी टीव्हीचा आवाज कमी करायला म्हणून उठले.

२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री. अ.चं पान गच्चीवर ठेवलं. भरीत ज्वारीच्या भाकरीबरोबर, त्यांना आवडायचं तसं. कावळा लगेच आला. दर वर्षी मी त्याची वाट बघत बसते, यंदा ठेवून वळले तर आलाच होता.

गच्चीवरून खाली अंगणात झाकलेली गाडी. अ. असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करत होते. मग लक्षात आलं, ते असते तर मी गाडीच घेतली नसती. त्यांना हवी तेव्हा त्यांनी घेतली असती. पांढरी.

६ ऑक्टोबर, रविवार

शोभाबरोबर मूर्तिजापूरपर्यंत जाऊन परत. नवा चौपदरी रस्ता. दोन्ही बाजूंना तूर, कपाशी, बोंडं फुटायला लागलेली. ट्रक बाजूने गेला की गाडी जराशी हलते. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरते की परत आल्यावर चहाचा कप धरता येईना.

मूर्तिजापूरला रस्त्याकडेला थांबून दोघींनी कचोरी खाल्ली. शोभाने विचारलं, "काकू, एवढं कोणासाठी करून राहिल्या?"

सांगितलं. खुर्ची, ठोकळे, टेप, सगळं. पक्षाचंही.

तिने कचोरीचा कागद चुरगाळला. मग, "माझ्या आईसाठी मी नव्हतं केलं एवढं." आणि पुढे, "चाला, आता परतीचं तुमी एकटीनं चालवा. मी झोपून राहते."

झोपली नाही. आरशात तिचे डोळे उघडे दिसत होते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या. एकटी.

मु.ला सांगितलं. "आई, प्लीज. लोकेशन चालू ठेव. दर अर्ध्या तासाने फोन कर." गाडी चालवताना फोन कसा करणार ते तिने सांगितलं नाही. शेवटी म्हणाली, "मावशी खरंच येणार आहे का तुझ्याबरोबर?"

"गाडी असती तर आले असते, असं म्हणते ती."

"हं," मु. म्हणाली. नुसतंच.

पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर घातली. पलंग मोजला. एकोणीस. उद्या सुताराला... नाही, परत आल्यावर.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. अकोला

पोचले.

सकाळी सहाला निघाले. निघताना गणपतीचं नाव घेतलं आणि मागोमाग, शाळेतल्या सवयीने, अवर फादरही पुटपुटले. दोघांनाही कळू देत.

टोलनाक्यावर चुकीच्या रांगेत गेले. मागचे हॉर्न वाजवत होते. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, सावकाश." तो "आजी" म्हणाला म्हणून की "सावकाश" म्हणाला म्हणून, डोळ्यांत पाणी आलं. बोरगाव मंजूनंतर रस्त्यात एक मोकळा तुकडा लागला, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. गाडी स्वतःशीच चालली आहे असं वाटलं. मीही काहीतरी गुणगुणत होते.

जठारपेठेत गल्ली अरुंद. ताई दारात तिच्या खुर्चीत बसलेली, वंदनाने बाहेर आणून ठेवली होती. मी गाडी तिच्यापासून दोन हातांवर उभी केली. हॉर्न वाजवला. शोभा म्हणते तसा.

ताई बघतच राहिली. "निळी? अमरावतीत पांढरी संपली काय?"

मग खुर्चीला म्हणाली, उठव, आणि उठली. वंदनाच्या हातावर रेलून दोन हात अंतर चालली. मी तिच्या बाजूचं दार उघडलं. आधी पाठ. मग हातावर जोर. बसली.

एका श्वासात बसली! पडली नाही, कोणी धरलं नाही. साडेचोवीस इंच. माझ्या तोंडून आवाज निघाला काहीतरी.

पाय बाहेर होते अजून, जमिनीवर. मी म्हटलं, "आता पाय आत घे."

"राहू दे. इथंच बरं आहे."

मी तिच्यासमोर उभी. आता नाही तर कधीच नाही असं वाटलं.

"ताई, ही गाडी आज नाही आली. पक्षात आली."

"माहीत आहे."

"काय?"

"मुग्धानं त्याच दिवशी फोटो पाठवला वंदनाच्या फोनवर. एवढी मोठी चाबी धरून उभी होती तू. तोंड असं उतरलेलं, जसं परीक्षेत नापास झाली."

"मग ती मोटारसायकल? मागच्या गल्लीतली?"

"कुठली मोटारसायकल? मागच्या गल्लीत बोळवणकरांची एक स्कूटर आहे, ती पंधरा वर्षं चालू होत नाही." पदराने तोंड पुसलं. "म्हटलं, आता तरी सांगशील. तुले टीव्हीचा आवाज कमी करायचा होता."

मी रडायला लागले की हसायला, मलाच कळलं नाही. वंदना मात्र हसत होती.

"पण तू म्हणाली होतीस, पाय ठेवणार नाही."

"मग? ठेवला का?" तिने खाली आपल्या चपलांकडे बोट दाखवलं. दोन्ही पाय रस्त्यावर, सरळ, जोडून. "बसले आहे फक्त."

भाऊजींच्या घरात चाळीस वर्षं काढली तिने. अशा पळवाटा तिथे बऱ्याच असतात.

तासभर तशीच बसली. गल्लीतले सगळे आपट्याची पानं द्यायला आले, ते गाडीपाशीच. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. ताई गाडीच्या सीटवर बसून सोनं घेत होती, पायाखाली चपला. मोठ्या माणसासारखी दिसत होती. चहा बाहेरच आणला वंदनाने.

मग म्हणाली, "ताम्हण आण. दसऱ्याला यंत्राची पूजा करतात. मी करते."

मी बघितलं तिच्याकडे, तिच्या मोकळ्या कपाळाकडे. ती म्हणाली, "काय पाहून राहिली? आपण दोघी आहोत. तिसरी कोण येणार आहे?"

तिने उभ्याने गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माळ दोनदा घसरली. तिसऱ्यांदा आरशाला अडकवली.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज म्हटलं, पूजा झाली, आता गाडी दसऱ्याचीच. घे पाय आत, राजेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येऊ. जवळच आहे.

बसली. पाय बाहेर.

शोभाला फोन केला. तिने सांगितलं, सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवा, अंग फिरतं, पाय आपोआप आत जातात. (शोरूमचं प्लास्टिक मी अजून काढलंच नव्हतं.) ताईला फिरवून दाखवलं मी स्वतः, दोनदा. तिने मान डोलावली. "छान आहे." आणि पाय बाहेर.

तेव्हा कळलं. अडवतंय ते गुडघे नाहीत. पक्ष नाही. उंची तर नाहीच.

ती सीटवर, मी तिच्या खुर्चीत. खुर्ची खरंच चांगली आहे, उठायचं मन होत नाही.

ती म्हणाली, "चिमे, मी आले आन मग मले परत येता नाही आलं तं?"

"मी आणून सोडीन."

"तू शिकून दोन महिने झाले. तेही झुरळ मारल्यासारखी ब्रेक मारते म्हणते ती शोभा." (शोभाशी बोलणं झालंय म्हणजे हिचं!) मग हळू, "या घराले एकदा कुलूप लागलं की उघडायचं राहून जाते. मले माहीत आहे. सासूबाई दोन दिवस म्हणून लेकीकडे गेल्या होत्या."

मी एवढे महिने सीट मोजत होते. दार मोजलंच नव्हतं, तिच्या घराचं.

म्हणाले, "मीच राहते मग इथे काही दिवस."

"राहा की." मग, "आन तुझं घर?"

माझ्याही घराला कालपासून कुलूप आहे.

संध्याकाळी ती आपणहून जाऊन सीटवर बसली, दार उघडं ठेवून. वंदना म्हणते, आता हिला खुर्चीपेक्षा हेच आवडतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज निघायचं ठरलं होतं. निघाले नाही.

सकाळी चहाच्या वेळी ताई वर्तमानपत्रामागून, "तुझ्याकडं कमोड आहे ना गं?"

"आहे. खालीच आहे, खोलीला लागून."

"बाजूले धराले काही?"

"नाही."

"हं." पान उलटलं.

मी कप खाली ठेवला, अंगणात जाऊन अमरावतीला प्लंबरला फोन लावला. किल्ली जोश्यांच्या आजोबांकडे आहे, म्हणाले, धरायचा दांडा बसवायचा, दोन्हीकडे. कधी होईल? म्हणाला, परवा सकाळी करून देतो. "परवा ना नक्की?" मी दोनदा मोठ्याने विचारलं.

आत आले. ताईने वर्तमानपत्र खाली केलं नव्हतं.

"परवा म्हणजे बुधवार," ती त्याच्या मागूनच म्हणाली. "बुधवारी कोजागिरी आहे."

"हो."

"मग दूध कुठं आटवायचं?"